पहिली तेरा मिनिटं

"वाजली की नाही, तेवढं सांगा," कुलथे साहेब म्हणाले.

"नाई वाजली जी."

"काल तुम्ही म्हणालात, आठवत नाही."

"काल तुमी एकच गोष्ट पाच वेळा इचारली. पाचव्या वेळी मलेच वाटलं, का आपल्याले आठवत नसंल."

कुलथे साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. चौकशीसाठी ते नागपूरहून आले होते आणि टाइम ऑफिसच्या मागच्या त्या खोलीत त्यांचा तो चौथा दिवस होता. माणूस वाईट नव्हता, थकला होता. समोरच्या खुर्चीत टोकावर बसलेला लटारी पिंपळशेंडे त्यांच्याहून जास्त थकला होता. टेबलाच्या कडेला मी होतो, आणि मलाही घरी जायचं होतं.

ही बेलडोहच्या उघड्या कोळसा खाणीतली गोष्ट. बारा वर्षं झाली. डिसेंबर महिना, दाट धुकं. सकाळच्या पाळीचा भोंगा सहाला झाला आणि सहा वाजून आठ मिनिटांनी लटारीचा सत्तावीस नंबरचा डंपर एका जीपवर चढला. डंपर म्हणजे दुमजली घराएवढा. ऑपरेटर वर बसतो, त्याला समोरची पंचवीस फूट जमीन दिसतच नाही. जीप त्या पंचवीस फुटांत उभी होती. जीपमध्ये भगवान मडावी होता, सर्व्हेवाल्यांचा ड्रायव्हर. तो जागीच गेला.

असं होऊ नये म्हणूनच तर आम्ही प्रत्येक गाडीत एक डबी बसवली होती. डंपर, जीप, पाण्याचा टँकर, सगळ्या मिळून बेचाळीस गाड्या. डबी सेकंदाला पाच वेळा वायरलेसवर सांगायची: मी अमुक नंबर, अमुक ठिकाणी, अमुक वेगानं येतोय. बाकीच्या डब्या ते ऐकायच्या. कोणी तीस मीटरच्या आत आलं की डबी कर्कश ओरडायची. ऑपरेटर लोकांनी तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. वायरलेस विभागाचा प्रमुख म्हणून टिटव्या माझ्या ताब्यात होत्या.

"ठेंगणे," कुलथे साहेब माझ्याकडे वळले, "सत्तावीस नंबरचं यंत्र चालू होतं?"

"चालू होतं."

"कशावरून?"

"सहा वाजता कंट्रोल रूममधून आम्ही हजेरी घेतो. बेचाळीसपैकी बेचाळीस दिवे हिरवे होते. आणि यंत्रातली नोंद आहे. धडक होईपर्यंत सेकंदाला पाच निरोप बरोबर गेलेत."

"आणि जीपचं?"

"तेही चालू होतं. तिचेही पाच."

"म्हणजे वाजायला पाहिजे होती."

"पाहिजे होती," मी म्हणालो.

लटारीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दुकानदारानं वजन करून सांगितलं की माणूस जसा काट्याकडे बघतो, तसं.

कुलथे साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "हे पाहा पिंपळशेंडे. यंत्र वाजलं आणि तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणजे डुलकी लागली. माणूस आहे, लागू शकते. तसं लिहून सही करा, सहा महिने घरी बसा, मग खाली कुठलंतरी काम मिळेल. नाहीतर दुसरा अर्थ असा, की तुम्ही यंत्राच्या भोंग्याची तार काढली होती. ऑक्टोबरात एकदा काढली होती ना?"

"काढली होती जी. किरकिर लई करे. तवा या मास्तरांनी दम देल्ला. त्यानंतर हात नाई लावला."

"तार काढून माणूस मारला असं ठरलं तर ते पोलिसांकडे जातं. माझ्या हातात राहत नाही. सोमवारी सकाळी सांगा."

तो शुक्रवार होता.

बाहेर गेटजवळच्या टपरीवर लटारीनं दोन चहा सांगितले. माझा चहा त्याच्या हातून घेताना मला बरं वाटलं नाही, पण नाही म्हणण्याएवढाही जोर नव्हता.

"मास्तर, एक इचारू?" मला सगळे मास्तरच म्हणायचे. कॉलनीतल्या मुलांना मी रविवारी विज्ञान शिकवायचो, त्यावरून ते नाव पडलेलं.

"विचार."

"मी झोपलो होतो काय?"

"ते मला कसं माहीत असणार, लटारी?"

"तुमची टिटवी खोटं बोलत नाई. तुमी बी खोटं बोलत नाई. मंग उरलो मीच." त्यानं कप खाली ठेवला. "भगवान मले त्या दिवशी सहाच्या आधी भेटला होता. म्हणे, पोरीचं लगन ठरलं, तुले यावं लागते. मी म्हटलं, नाचतो बे. मंग गाडीत बसलो. गाडी काढली. धुकं पाहून शिवी देल्ली. हे सारं आठवते. झोपेल माणसाले शिवी आठवंल काय?"

"नाही आठवणार."

"पण टिटवी?"

मी चहाचा शेवटचा घोट घेतला.

"डिसेंबरपासून तर चांगलंच चाललं होतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "पयले सकाळी यार्डात गाड्या बाजूबाजूनं उभ्या, तं बेचाळीस टिटव्या एकदम वरडायच्या. कानाचा भुगा व्हायचा. ते तुमी बंद केलं. सारे ऑपरेटर तुमाले दुवा देऊन राह्यले होते."

मी मान हलवली. माझ्याही कानावर ते कौतुक आलं होतं आणि मी ते खिशात टाकलं होतं. एक डिसेंबरपासून मी नवा नियम काढला होता. कोण तार काढतं, कोणाची डबी बंद आहे, हे कळावं म्हणून प्रत्येक पाळीच्या भोंग्याला कंट्रोल रूममधून एक हुकूम सुटायचा. त्या हुकमानं सगळ्या टिटव्या एकदम बंद होऊन एकदम पुन्हा सुरू व्हायच्या. मग नंबरवार हजेरी. वर्गात घेतात तशी. फळ्यावर बेचाळीस हिरवे दिवे लागले की कंट्रोल रूममधली सुनंदा बोढे मला फोन करायची, "सगळी हजर, सर." पुन्हा सुरू केल्यानं यंत्रांचं डोकं ठिकाणावर येत असेल आणि म्हणून यार्डातली फुकटची किरकिर थांबली असेल, असं मी धरून चाललो होतो. साहेब लोकांनी त्या हिरव्या फळ्याचा फोटो काढून मोठ्या ऑफिसला पाठवला होता.

शनिवारी दुपारी लटारीची बायको माझ्या क्वार्टरवर आली. पंचफुला. पायरीवरच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"ते झोपत नाई जी," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"झालं तेव्हापासून. पाठ टेकवत नाई. स्टुलावर बसते, हातात स्टीलचा गिलास धरते. डोळा लागला का गिलास पडते. मंग मले इचारते, किती वेळ लागला होता? मी सांगते, आत्ताच. तं म्हणते, तू बी खोटं बोलते."

"डॉक्टरांकडे नेलंस?"

"गोळी देल्ली. खात नाई. म्हणते, मी बसल्या बसल्या झोपत असंल, मले समजत नसंल, तं मी आजवर कितीक वेळा झोपलो असंल गाडीवर?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "मास्तर, सही केली तं नोकरी जाईल काय?"

"जाणार नाही. डंपर जाईल."

"आन नाई केली तं?"

"तार काढली असं लिहितील. मग पोलीस."

"मंग करू द्या सही."

"तो झोपलेला नसला तर?"

ती उठली. "हे तुमीच सांगा नं. मशीन तुमची हाय." जाताना थांबून म्हणाली, "नोकरीचं काई नाई जी. पण कागदावर लिहिलं का झोपला होता, तं तो माणूस पुन्हा झोपन काय?"

दुसऱ्या दिवशी रविवार. मुलांना नाही म्हणावं असं मनात होतं, पण ती आठ वाजताच कडुनिंबाखाली येऊन बसली होती. चौदा-पंधरा जण. आवाज दोऱ्यातून कसा जातो, हा धडा होता. मी रिकाम्या काड्यापेट्या आणि दोरा घेऊन गेलो. तुम्हीही लहानपणी केला असेल हा फोन: दोन काड्यापेट्या, मध्ये ताणलेला दोरा, एकानं तोंडाला लावायची, दुसऱ्यानं कानाला.

एरवी मी त्यांना मोकळं सोडतो. त्या दिवशी गोंगाट सोसवत नव्हता, म्हणून शिस्त लावली. "मी एक टाळी वाजवली की बोलायचं. दोन वाजवल्या की ऐकायचं. मध्ये कोणी तोंड उघडायचं नाही."

सात जोड्या दोरे ताणून उभ्या राहिल्या. मी टाळी वाजवली. कलकल झाली. दोन वाजवल्या. शांतता. पुन्हा एक, पुन्हा दोन.

"सर, हा काहीच बोलत नाही!" छकुली निखाडे ओरडली.

"मी बोललो ना! तूच बोलत नाहीस!" दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाहून पराग ओरडला.

"मी केव्हाची बोलतेय! तुझ्या बारशाला काय जेवण होतं, विचारलं!"

"आणि मी विचारलं, तुझ्या नाकातला शेंबूड कुठे गेला!"

सगळे हसले. दुसऱ्या जोड्यांचीही तीच तक्रार होती. कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. मी दोरे तपासले, ताणलेले होते. काड्यापेट्या ठीक होत्या. मग मी म्हणालो, "पुन्हा करू," आणि टाळी वाजवली.

सात दोरे, चौदा टोकं. टाळीसरशी चौदाही काड्यापेट्या तोंडाला लागल्या. दोन टाळ्यांसरशी चौदाही कानाला.

मी हात खाली घेतले. छकुली म्हणाली, "सर, टाळी वाजवा ना."

"नको," मी म्हणालो. "तुम्ही तुमचं बोला. आज लवकर सुट्टी."

तसाच पायी ऑफिसात गेलो. टिटव्यांच्या नोंदी छापून काढलेले ताव कपाटात होते. प्रत्येक तावावर दोन रकाने असतात. डावीकडे काय पाठवलं, उजवीकडे काय ऐकलं. चौकशीत आम्ही सगळे डावा रकाना बघत होतो, कारण प्रश्न यंत्र चालू होतं का, एवढाच होता. मी उजवीकडे बोट ठेवून वाचायला लागलो.

सत्तावीस नंबर, त्या दिवशी सहापासून सहा वाजून आठ मिनिटांपर्यंत: डावीकडे दोन हजार चारशे निरोप. उजवीकडे काही नाही.

जीप: डावीकडे दोन हजार चारशे. उजवीकडे काही नाही.

आधीच्या दिवसाचे ताव काढले. सकाळी सहा ते सहा वाजून तेरा मिनिटं, उजवीकडे कोरं. मग एक-दोन निरोप, मग भराभर. दुपारी दोन ते दोन-तेरा, कोरं. त्याच्या आधीचा दिवस. त्याच्याही आधीचा. एक डिसेंबरच्या पलीकडे गेलो आणि तिथे दोन्ही रकाने पहिल्या मिनिटापासून भरलेले होते.

पंधरा दिवसांनी टिटवी जुनी नोंद पुसून टाकते. छापलेले ताव माझ्या कपाटात होते आणि कपाटाची किल्ली माझ्या कंबरेला. मला निवृत्तीला तीन वर्षं होती. तो नियम काही न बोलता बंद करून टाकला असता, तर कोणाला कळलं नसतं. मी ताव कपाटात ठेवून कुलूप लावलं, क्वार्टरवर आलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो. दोन घास गेले नाहीत. पुन्हा ऑफिसात जाऊन कपाट उघडलं.

सोमवारी सकाळी लटारी आला तेव्हा त्याचे डोळे लाल भोपळ्यासारखे सुजले होते. कुलथे साहेबांनी कागद तयार ठेवला होता. लटारीनं न वाचताच पेन उचललं.

"साहेब," मी म्हणालो, "ही सही दोन वाजेपर्यंत थांबवता येईल?"

"ठेंगणे, मला चारची गाडी आहे."

"दोनला भोंगा होतो. सव्वादोनला तुम्ही मोकळे."

"काय आहे?"

"सांगण्यापेक्षा दाखवतो. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, यार्डात न जाताच ठेंगणे गोष्ट रचतोय."

"शुक्रवारी तर तुम्हीच म्हणालात, वाजायला पाहिजे होती."

"शुक्रवारी मी चुकीच्या रकान्यात बघत होतो."

त्यांनी कंटाळून हात झटकला आणि होकार दिला. लटारी पेन हातात धरून तसाच उभा होता. ते मी त्याच्या बोटांतून काढून घेतलं.

पावणेदोनला आम्ही यार्डात उभे होतो. दुपारचं ऊन, कोळशाची धूळ. मी आधीच फोरमनला विनंती केली होती, सव्वादोनपर्यंत एकही गाडी हलवायची नाही. भगवानची जीप सोडून एक्केचाळीस गाड्या, एकीला एक लागून. ऑपरेटर आपापल्या जागी चढले होते. त्यांतल्या एकानं वरून हाक दिली, "काय मास्तर, आज शाळा यार्डात काय?"

"हो. पाटी आणली का?"

"पाटी घरी राह्यली, आन अक्कल बी घरीच राह्यली!"

दोन वाजले. भोंगा झाला. माझा फोन वाजला. "सगळी हजर, सर. एक्केचाळीस," सुनंदा म्हणाली. मी फोन कुलथे साहेबांच्या कानाला लावला आणि तिला पुन्हा सांगायला लावलं.

"बरं," ते म्हणाले. "सगळी यंत्रं चालू आहेत. मग?"

"गाड्यांमध्ये अंतर किती आहे?"

"असेल पाच-सहा फूट."

"टिटवी तीस मीटरला ओरडते."

ते ऐकू लागले. इंजिनांची घरघर होती. बाकी काही नव्हतं. एक्केचाळीस यंत्रं अंगाला अंग लावून उभी होती आणि एकही ओरडत नव्हतं. कुलथे साहेब स्वतः एका डंपरच्या शिडीवर चढले, ऑपरेटरच्या डोक्यावरून हात घालून डबीचा हिरवा दिवा पाहिला, तारेला हात लावून पाहिला, आणि खाली उतरले.

"का वाजत नाही?"

"साहेब, ही डबी बोलते आणि ऐकते. पण दोन्ही एकाच वेळी करू शकत नाही. ज्या क्षणी बोलते, त्या क्षणी ती बहिरी असते. आणि सगळ्यांना बोलायला रस्ता एकच आहे. बेचाळीस जणी वेगवेगळ्या वेळी सुरू झाल्या असल्या, तर कोणी आत्ता बोलते, कोणी किंचित नंतर, तेव्हा दुसऱ्या ऐकतात. निरोप फार छोटा असतो, सगळ्यांना पुरेशी जागा आहे. बोलण्याआधी ती एकदा कानोसाही घेते, कोणी बोलत तर नाही ना. पण सगळ्या एकाच क्षणी सुरू झाल्या, तर सगळ्या एकदम कानोसा घेतात. सगळीकडे शांत. मग सगळ्या एकदम बोलतात. मग सगळ्या एकदम गप्प बसून वाट बघतात. सेकंदात पाच वेळा."

"आणि एकाच क्षणी सुरू का होतात?"

"भोंग्याला कंट्रोल रूममधून हुकूम जातो, म्हणून."

"मग पाळीभर असंच?"

"नाही. प्रत्येक डबीतलं घड्याळ केसभर पुढेमागे असतं. हळूहळू त्या एकमेकींपासून सुटतात. थांबा थोडं."

आम्ही थांबलो. फार लांब वाटतात दहा-बारा मिनिटं, उभं राहून ऐकायची असली तर. लटारी थोडा बाजूला, सत्तावीस नंबरच्या पुढच्या चाकाजवळ उभा होता. ते चाक त्याच्या डोक्याहून उंच होतं. नऊ मिनिटं झाली तेव्हा तो पुटपुटला, "आठ होऊन गेले."

तेराव्या मिनिटाला यार्डाच्या पार टोकाला एक टिटवी ओरडली. मग तिच्या शेजारची. मग मधल्या दोन. आणि मग सगळं यार्ड एकदम पेटल्यासारखं ओरडायला लागलं. वरून ऑपरेटर कानावर हात ठेवून शिव्या देत होते. कुलथे साहेबांनी काहीतरी विचारलं, मला फक्त त्यांचे ओठ दिसले. मी सुनंदाला फोन लावून टिटव्या बंद करायला सांगितलं.

शांत झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "हा पाळीच्या सुरुवातीचा हुकूम कोणाचा?"

"माझा."

"वरून आलेला?"

"नाही. माझ्या डोक्यातून आलेला. सहीही माझीच आहे."

"लिहून द्याल?"

"देतो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "चारची गाडी गेली म्हणायची." मग ऑफिसकडे चालू लागले.

लटारी चाकाला टेकून उभा होता.

"मास्तर, म्हणजे मी जागा होतो?"

"जागा होतास."

"पुरा?"

"पुरा जागा होतास, लटारी."

त्यानं चाकावर हात ठेवला. "आन भगवानची?"

"त्याचीही नाही वाजली. तुझी टिटवी त्याच्या टिटवीला सांगत होती, मी येतोय. त्याची तुझ्या टिटवीला सांगत होती, मी इथे उभा आहे. दोघी एकाच क्षणी."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."



त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. आठ दिवसांत प्रत्येक टिटवीला थांबण्याचा वेगवेगळा वेळ दिला गेला, ती सुरू झाल्यावर तेवढा थांबूनच पहिल्यांदा बोलायची. हजेरी अजूनही घेतात म्हणे, पण कोणालाही एकदम उठवत नाहीत. माझी वायरलेसमधून भांडारात बदली झाली. शेवटची तीन वर्षं मी नटबोल्ट आणि टायर मोजले. भगवानच्या घरी मी दोनदा गेलो. पहिल्यांदा त्यांनी दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, पाणी दिलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मी आजही मुलांना शिकवतो, फक्त टाळी वाजवत नाही.

पण त्या सोमवारी मी टाइम ऑफिसच्या खिडकीशी बसून माझं लेखी म्हणणं लिहीत होतो. चार पानं झाली. बाहेरच्या बाकावर लटारी बसला होता, कुलथे साहेबांनी त्याला थांबायला सांगितलं होतं. लिहून झाल्यावर मी पानं घेऊन बाहेर आलो, तर तो बाकावर आडवा झाला होता. चपला पायातच, एक हात खाली लोंबकळत, तोंड उघडं. समोरून कोळशाचे ट्रक जात होते आणि तो घोरत होता. मी बाकाच्या टोकाला, त्याच्या पायांशी उरलेल्या जागेत बसलो.

जरा वेळानं पंचफुला आली. तिच्या हातात डबा होता. सकाळी सही होणार, मग पोलीस येतात की काय, असं मनात धरून ती सकाळपासून घरात बसली होती आणि शेवटी न राहवून आली होती. बाकाकडे पाहून तिचे पाय थांबले.

"काय झालं जी? पडला काय?"

"नाही. झोपलाय."

"खरंच?" ती वाकली, त्याच्या तोंडाजवळ हात नेला, श्वास पाहिला. "कवापासून?"

"तास होत आला."

ती बाकाशेजारी जमिनीवर बसली. डबा मांडीत घेतला. तिनं सहीचं विचारलं नाही, पोलिसांचं विचारलं नाही. त्याचा लोंबकळणारा हात उचलून तिनं त्याच्या पोटावर ठेवला. तो पुन्हा घसरला, तिनं पुन्हा ठेवला.

माझ्या हातात ती चार पानं होती. तिला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं मला वाटलं.

"पंचफुला," मी म्हणालो, "तो झोपला नव्हता त्या दिवशी. टिटवी वाजलीच नाही. चूक माझी होती. मी काढलेल्या नियमामुळे..."

तिनं माझ्याकडे न बघता हात वर केला.

"हळू बोला, मास्तर," ती म्हणाली. "उठन तो."